दुसरा गिअर सुटतो

तर झालं असं, की गेले चार महिने आमचे अण्णा फोनवर एकच वाक्य म्हणत होते. "अरे, गाडीचा दुसरा गिअर सुटतो." आणि गेले चार महिने मी त्यांना एकच उत्तर देत होतो. "क्लच पूर्ण दाबत नसाल, अण्णा."

आता मी पोट कशावर भरतो, तर लोकांनी केलेल्या तक्रारी वाचून नेमकं कुठे बिघडलंय ते शोधण्यावर. टीममधल्या एखाद्या पोराने बग उघडूनही न बघता "वापरणाऱ्याची चूक" असं लिहून बंद केला, तर मी त्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतो. घरच्या माणसाला मात्र हा नियम लागू नाही. त्यातून ते वडील असले आणि वय ७१ असलं, की निकाल आधीच लागलेला असतो.

गाडीबद्दल थोडं. १०० सीसी, चार गिअर, टाच-चवडा दोन्हीकडून दाबायची लिव्हर. २००३ साली घेतलेली, एमएच-१७ पासिंग. पंधरा वर्षांची मुदत २०१८ ला संपली, तेव्हापासून पाच-पाच वर्षांनी वाढवत आणलेली. कंपनीचं नाव सांगत नाही. वीस-बावीस वर्षं निमूट राबलेल्या गाडीला उगाच बदनाम का करा? अण्णा जिल्हा परिषदेचे मास्तर. राजूर, कोतूळ आणि शेवटची काही वर्षं अकोले, अशी त्यांची निम्मी नोकरी याच गाडीवर झाली. विठ्याचा घाट पावसाळ्यात हिच्यावरच चढले. आता काम एवढंच, घरापासून मळ्यात जायचं आणि यायचं. जेमतेम तीन किलोमीटर. पण मळा प्रवरेच्या अंगाला, म्हणजे येताना एक चांगली खडी चढण आहे, आणि येताना मागे काहीतरी लादलेलं असतंच. गवताचा भारा, भाजीचं पोतं, नाहीतर ४५ किलोची युरियाची गोणी मळ्याऐवजी चुकून घरी आणलेली असली तर ती :-)

मधल्या काळात मी आणि नाशिकची ताई, आम्ही दोघांनी परस्पर एक निर्णय घेऊन टाकला होता. गाडी विकायची. अण्णांना बिनगिअरची इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन द्यायची. कारण उघड होतं, त्यांचा पाय आता नीट पडत नाही, म्हणून गिअर सुटतो. ताईने दोन-तीन मॉडेलं बघूनसुद्धा ठेवली होती. अण्णांना विचारायचं तेवढं राहिलं होतं.

आणि मग एका रात्री आईने हळूच फोन केला. आदल्या दिवशी चढणीवर मधोमध गिअर सुटला, इंजिन नुसतंच कोकललं, आणि गाडी मागे घसरायला लागली. मागून उसाचा ट्रॅक्टर येत होता, दोन ट्रॉल्या लावलेला. ट्रॅक्टरवाला शहाणा, त्याने लांबच थांबवला. अण्णांनी घरी आल्यावर हात धुताना हे सांगितलं आणि वर म्हणाले, "पोरांना सांगू नकोस, गाडी काढून घेतील."

शनिवारी पहाटे निघालो. नाशिक रस्त्याने संगमनेर, तिथून डावीकडे अकोले. साडेदहाला घरी. चहा झाल्यावर मी अगदी सहज, म्हणजे मला वाटलं सहज, किल्ली मागितली.

पहिली फेरी एकट्याने. अगस्ती आश्रमाच्या बाजूला जाऊन आलो. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, परत खाली. सगळे गिअर लोण्यासारखे. दुसऱ्यात मुद्दाम ताणून बघितली, काही नाही. परत आलो आणि मनातल्या मनात तक्रार बंद करून टाकली. माझ्याकडे तर नीट चालतंय! (हे वाक्य आमच्या धंद्यात शिवीसारखं वापरतात, हे त्या क्षणी आठवलं नाही.)

अण्णा ओट्यावर बसून बघत होते. म्हणाले, "रिकामी गाडी सपाटीला पळवून काय बघितलंस? मागे बस."

म्हणजे मी ७८ किलोचा युरिया. खाली मळ्यापर्यंत गेलो, वळवली आणि चढणीला लागलो. मी त्यांच्या खांद्यावरून डाव्या हाताकडे आणि पायाकडे बघत होतो. क्लच शेवटपर्यंत दाबलेला. लिव्हर पूर्ण खाली, आवाज येईपर्यंत. माझ्यापेक्षा स्वच्छ गिअर टाकतात ते. दुसरा पडला, त्यांनी क्लच सोडला, गाडीने ओढ घेतली, दहा-बारा फूट गेलो असू, आणि खट्! इंजिन एकदम किंचाळलं, गाडीतला जीव गेला, आणि आम्ही दोघे मागे यायला लागलो. त्यांनी पुढचा ब्रेक धरला, पाय टेकवले, ॲक्सिलरेटर सोडला. सगळं सवयीने. चार महिन्यांत किती वेळा झालं असेल ते त्या सवयीवरून कळत होतं.

मागे वळून म्हणाले, "हे असं."

बास. "सांगत होतो ना" वगैरे काही नाही. म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मग मी चालवायला बसलो, ते मागे. त्याच जागी, तेच. फक्त आता माझा पाय लिव्हरवर होता, म्हणून एक गोष्ट नव्याने कळली. सुटताना लिव्हर पायाखाली हलकेच उडते. म्हणजे आतून कोणीतरी तिला ढकलतंय. उतारावर दुसऱ्यात ठेवून ॲक्सिलरेटर सोडून दिला, तर इंजिन गाडीला धरून ठेवतं, अजिबात सुटत नाही. सुटतो तो फक्त ओझं ओढताना, आणि फक्त दुसरा. एवढी माहिती चार महिन्यांपूर्वी दोन प्रश्न विचारून मिळाली असती. "कधी सुटतो?" आणि "इतर गिअर सुटतात का?" असो.

रविवारी सकाळी गॅरेज. संगमनेर रस्त्याला एक पत्र्याची शेड आहे, तिथला मिस्तरी चाळिशीतला, अण्णांच्या हाताखाली चौथीला होता. त्यामुळे तो त्यांना गुरुजी म्हणतो आणि मला काहीच म्हणत नाही. मी रात्रभर वाचून तयारीत गेलो होतो. क्लच प्लेटा घसरत असतील असं सुचवलं. तो म्हणाला, "क्लच गेला तर तो काय फक्त दुसऱ्याला जातो का? वरच्या गिअरला आधी कळतं. टॉपला टाकून हळू स्पीडला पिळायची. आवाज वाढला आणि गाडी नाही वाढली, तर क्लच." तसं करून दाखवलं. गाडी गपगुमान वाढली. क्लच बाद.

मग चेन. ढिली चेन स्प्रोकेटच्या दातावरून उडी मारते तेव्हा अगदी असाच खट् आवाज येतो, आणि चढणीलाच येतो. त्याने बोटाने चेन वर-खाली केली, पुढचं स्प्रोकेट उघडून दात बघितले. ठीक. मग बाहेरची लिव्हर. तिच्या आतल्या खाचा झिजल्या असतील, किंवा लिव्हर पायटेकणीला अडत असेल, तर गिअर अर्धाच पडतो. तेही ठीक. मग उजवीकडचं कव्हर उघडून गिअरच्या ड्रमवर दाबून बसणारा रोलर आणि त्याची स्प्रिंग. हा रोलर ड्रमला प्रत्येक खाचेत धरून ठेवतो. स्प्रिंग मेली तर कुठलाही गिअर सुटू शकतो. मला इथे फार आशा होती, कारण इथवरचं काम इंजिन न उतरवता होतं आणि स्प्रिंग चहाच्या पैशात येते. स्प्रिंग टणटणीत होती.

एवढं करेपर्यंत त्याने निकाल असा काही सांगितलाच नाही. नुसतं एकेक बाद करत गेला. स्वस्त आणि सोपं आधी, महाग आणि अवघड शेवटी. आमच्याकडे याचं प्रशिक्षण द्यायला हॉटेलात हॉल भाड्याने घेतात.

शेवटी त्याने ऑइल काढलं. सकाळी घरून येताना इंजिन गरम झालेलं होतंच. ड्रेन नट सोडून ऑइल एका उथळ घमेल्यात घेतलं, आणि जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक फडक्यात गुंडाळून घमेल्यात फिरवला. फडक्यावर करडा चिखल आला. तो चालतो म्हणाला, वीस वर्षांच्या गाडीत तेवढा निघणारच. पण त्या चिखलात एक तुकडा होता. तांदळाच्या दाण्याएवढा, तीन कोनांचा, एक बाजू आरशासारखी चकचकीत आणि दुसरी खडबडीत. चुंबकाला घट्ट चिकटलेला, म्हणजे पोलाद. ॲल्युमिनियम असतं तर चिकटलं नसतं, मग पिस्टनकडे नाहीतर बॉडीकडे बोट गेलं असतं.

तुकडा तळहातावर घेऊन तो मला नाही, अण्णांना म्हणाला, "गुरुजी, ही आता घरीसुद्धा चालवत न्यायची नाही."

का, ते सांगतो. कारण हे मलाही नीट माहीत नव्हतं. मोटरसायकलच्या गिअरबॉक्समध्ये दोन शाफ्ट असतात आणि त्यांच्यावर सगळ्या गिअरच्या दातेरी चाकांच्या जोड्या कायम एकमेकींत अडकलेल्या असतात. गिअर टाकताना दाते एकमेकांत घुसतात असं मला लहानपणापासून वाटायचं. तसं नसतं. प्रत्येक जोडीतलं एक चाक शाफ्टवर मोकळं फिरत असतं. त्याच्या शेजारचं चाक शाफ्टबरोबर फिरतं आणि बाजूला सरकू शकतं, आणि त्याच्या कडेला बोटाएवढे ठोकळे असतात. त्यांना डॉग म्हणतात. चाक सरकलं की हे ठोकळे शेजारच्या चाकाच्या खाचांत बसतात आणि मोकळं चाक शाफ्टला बांधलं जातं. सरकवण्याचं काम फोर्क करतो, आणि फोर्कला कुठे जायचं ते नागमोडी खाचांचा एक ड्रम सांगतो. पायाने आपण फक्त तो ड्रम एकेक घर फिरवतो. एका दाबाला एकच घर, ही सोय १९२० च्या दशकाच्या अखेरीस वेलोसेट या इंग्लिश कंपनीच्या हॅरॉल्ड विलिस यांनी शर्यतीच्या गाडीसाठी आणली. त्याआधी बहुतेक गाड्यांना हाताने गिअर टाकावा लागे.

गंमत त्या डॉगच्या आकारात आहे. त्यांच्या कडा सरळ नसतात, किंचित आत कापलेल्या असतात, डव्हटेलसारख्या. त्यामुळे जितका जोर येईल तितके ते एकमेकांना आत ओढून घेतात. कडा झिजून गोल झाल्या की बरोबर उलटं होतं. जोर आला की ते एकमेकांना बाहेर ढकलतात. मग त्यांना जागेवर धरायचं काम बिचाऱ्या फोर्कवर येतं, जे त्याचं कामच नाही. फोर्क घासतो, तापतो, वाकतो. वाकला की चाक पूर्ण सरकत नाही, डॉग अर्धेच बसतात, आणि टोकं आणखी झिजतात. एकदा सुरू झालं की आपोआप वाढत जातं. सपाटीला, रिकाम्या गाडीत काहीही कळत नाही.

आणि तुकडा उडायला लागला, की एखादा दिवस असा येतो, की तो दोन चाकांच्या दातांमध्ये सापडतो. मग गिअरबॉक्स जागच्या जागी जाम. मागचं चाक जाम. आपल्याला वाटतं क्लच दाबला की सुटू, पण क्लच असतो इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये. गिअरबॉक्स आणि चाकाच्या मध्ये चेनशिवाय काही नाही. क्लच दाबून काहीही होत नाही.

मी घमेल्याकडे बघत बसलो. उसाचा ट्रॅक्टर डोळ्यांपुढून जाईना.

जुन्या बुलेटला गिअरबॉक्स वेगळा असायचा, इंजिनच्या मागे बोल्टने जोडलेला. इंजिन न उतरवता त्याच्या आतलं काम करता यायचं. (त्या गाड्यांना गिअर उजव्या पायाला, आणि न्यूट्रल शोधायला वेगळी कळ. अण्णांच्या एका हेडमास्तरांकडे होती, तिच्यावर दुसरं कोणी बसायला धजत नसे.) आमच्या गाडीचं तसं नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच पेटीत, ऑइलही एकच. म्हणजे इंजिन खाली उतरवायचं, हेड, सिलेंडर, क्लच, मॅग्नेट सगळं काढायचं आणि पेटी उभी फोडून दोन फाका करायच्या. मी सोमवारी घरून काम करतो असं ऑफिसला कळवलं आणि गॅरेजमध्ये स्टूल घेऊन बसलो. लॅपटॉप पिशवीतच राहिला.

दुपारी तीनच्या सुमारास पेटी उघडली. त्याने सरकतं चाक रॉकेलमध्ये धुऊन माझ्या हातात दिलं. ठोकळ्यांची एक बाजू धारदार, जशीच्या तशी. दुसरी बाजू, जिच्यावर गाडी ओढताना जोर येतो ती, वापरलेल्या साबणासारखी गोल. एकाचा कोपरा उडालेला. फडक्यावरचा तुकडा तिथे टेकवून बघितला, चपखल बसला. फोर्कचं टोक एका अंगाने घासून पातळ झालेलं आणि तापून निळं पडलेलं. गॅरेजमधल्या पोराने फोर्क काचेवर आडवा ठेवला, तर खालून पोस्टकार्ड जाईल एवढी फट.

मी विचारलं, "चार महिन्यांत एवढं होतं?"

"तुकडा उडाला तो आत्ताचा. गोलाई आत्ताची नाही. ही जुनी आहे, पंधरा वर्षांपासूनची असंल. कुणीतरी क्लच न दाबता गिअर टाकलेत, नाहीतर दोन-तीन माणसं बसवून दुसऱ्यातच उचललीय."

अण्णा शेजारीच उभे होते. म्हणाले, "मीच उचलत असेन. घाटात सवय लागते."

आता ऐका. २००५ ते २००९ ही गाडी माझ्याकडे होती. अकोले ते संगमनेर कॉलेज, रोज जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर, मागे दोन मित्र. क्लच न दाबता गिअर टाकणं ही आमच्यात कला समजली जायची आणि मी त्यात निष्णात होतो. सिग्नल नसलेल्या गावात थांबून निघताना पहिला टाकणं कमीपणाचं वाटायचं.

मिस्तरीसमोर मी काही बोललो नाही. संध्याकाळी चालत घरी येताना पुलाजवळ सांगितलं. अण्णा म्हणाले, "माहितीये. तुझ्या कॉलेजच्या वेळी दर महिन्याला चेन ओढून घ्यावी लागायची." आणि मग गवताचा भाव किती झालाय त्यावर बोलायला लागले.

हे मात्र खरं, की शेवटच्या चार महिन्यांतला भाग अण्णांच्या हातून झाला, आणि तोही माझ्यामुळे. दुसरा सुटतो आणि मुलगा ऐकत नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतःच उपाय काढला होता. पहिला ताणायचा आणि पटकन दोनदा दाबून तिसऱ्यात जायचं. पण ड्रम घरं गाळत नाही. तिसऱ्यात जाताना दुसरा लागतोच, फक्त अर्धवट, घाईत, टोकाला टोक आपटून. कोपरा बहुधा त्यातच उडाला. चालू सिस्टीममध्ये अशी जुगाडं किती असतात आणि त्यांच्या खाली काय काय मोडत असतं, यावर मी लेख लिहू शकेन. त्या जुगाडाला मी कारण होतो, हे जरा नवीन होतं.

स्पेअरचं म्हणाल तर चाकांची जोडी आणि फोर्क संगमनेरहून मंगळवारी आले. एकटं चाक बदलायला मिस्तरी तयार नव्हता, जुन्याबरोबर नवं बसवलं तर दोन्ही जातील म्हणाला. बेअरिंगा, पॅकिंग सेट, ऑइल सील, मजुरी धरून पाच हजार आठशे. ताईने हिशोब ऐकून विचारलं, "गाडीची किंमत तरी तेवढी आहे का?" नाहीये. तिचा मुद्दा चूक नाही.

आणि स्कूटरचा विषय काही मी मनातून काढून टाकलेला नाही. बिनगिअरच्या गाडीचं आमच्या जिल्ह्याला काही नवल नाही. कायनेटिकची लूना १९७२ पासून नगरलाच बनायची. अण्णांची पहिली गाडी तीच, पेडल मारून चालू करायची. विशेष म्हणजे तीच कायनेटिक इंजिनिअरिंग आज अहिल्यानगरमध्ये दुसऱ्यांच्या गाड्यांसाठी गिअर आणि शाफ्ट बनवते, आणि २०२४ साली लूना विजेवर चालणारी होऊन परत आली. हे मी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "बघू." ७१ व्या वर्षी चढणीवरून ओझं आणावं का, हा प्रश्न आहेच. पण तो वेगळा प्रश्न आहे, आणि आम्ही दोघा भावंडांनी मोडक्या डॉगचा पुरावा त्यात घुसडला होता. ताईलाही मी हेच सांगितलं. तिने तुकड्याचा फोटो मागितला, बघितला, आणि अर्ध्या तासाने अण्णांना फोन केला. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

बुधवारी सकाळी गाडी मिळाली. आधी मिस्तरीने स्वतः, गॅरेजमधल्या पोराला मागे बसवून, एक फेरी मारली. मग आम्ही मळ्यात गेलो. येताना अण्णा मागे, मी पुढे. चढण लागली, दुसरा टाकला, क्लच सोडला. त्या दहा-बारा फुटांत माझा पाय लिव्हरवर नुसता टेकलेला होता, उडतेय का बघत. उडाली नाही. वर सडकेला लागेपर्यंत गाडी दुसऱ्यात राहिली. तिसरा टाकताना मात्र माझाच पाय अर्धवट पडला आणि कर्रर्र आवाज झाला.

मागून अण्णा म्हणाले, "क्लच पूर्ण दाब."

नव्या चाकांचा कीस बसेपर्यंत जास्त ओझं टाकायचं नाही आणि पाचशे किलोमीटरला ऑइल बदलायचं, असं मिस्तरीने सांगितलंय. अण्णांनी मीटरचा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवलाय. रोजच्या सहा किलोमीटरने हिशोब केला तर ऑइल अडीच-तीन महिन्यांनी येतं. तेव्हा मी जाणार आहे, घमेल्यात चुंबक फिरवून बघायला.